उंच मुलाचे स्वयंवर

सतरा वर्षांचा मुलगा. उंची सात फूट, किंवा त्याहून दोन बोटे अधिकच. गेली दोन वर्षे घरी येणाऱ्या पाहुण्यांनी त्याच्या आईला उसंत दिलेली नाही. कोणी कॅन्ससहून येतो, कोणी कॅलिफोर्नियाहून. जो येतो तो आईच्या स्वयंपाकाची वाखाणणी करतो, वडिलांशी हवापाण्याच्या गोष्टी बोलतो आणि निघताना मुलाकडे मान वर करून सांगतो की, आमचे विद्यापीठ हे तुझे दुसरे घरच समज. अमेरिकेत असा एखादा मुलगा दर वर्षी कोठे ना कोठे असतोच. बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत खेळणारी विद्यापीठे तेथे साडेतीनशेहून अधिक आहेत. सात फुटी माणसे मात्र निसर्ग फार हात राखून घडवतो. याला स्वयंवर म्हणावे, तर ज्याच्या हाती वरमाला तोच येथे पणाला लागलेला असतो.

या मुलाने कोठे जावे? हा प्रश्न वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावरचा. त्याला नीतिविचाराच्या दारात कशाला आणता, असे कोणी विचारील. आम्ही स्वतः आयुष्यात चेंडू कड्यातून टाकलेला नाही, आणि आमची उंची पाहता कोणी तो टाकायला बोलावण्याचाही संभव नव्हता. परंतु एक जुनाच प्रश्न येथे इतक्या उघड्या रूपात उभा राहतो की, त्याच्याकडे पाठ फिरवणे आम्हांस जमले नाही. आपल्यापाशी जे आहे ते सर्वांनाच हवे असेल, तर ते द्यावे कोणाला? आणि मी हवा असलेला माणूस व माझे देणे हवे असलेला माणूस, हे दोघे एकाच गोड आवाजात बोलत असता त्यांना वेगळे ओळखावे कसे? तुम्हांआम्हांला हा प्रश्न आयुष्यात थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने सोडवावा लागतो. या मुलाला तो एका वसंत ऋतूत, साऱ्या देशाच्या देखत सोडवावा लागतो.

त्यात त्याची जागा ‘सेंटर’ची. ही जागा नीट समजून घेतल्यावाचून पुढचे बोलणे व्यर्थ आहे. कडे जमिनीपासून दहा फुटांवर असते, आणि त्याच्या सर्वांत जवळ ज्याचा हात पोचतो तो सेंटर. पाहणाऱ्याला वाटते की, पाचांमध्ये सर्वांत समर्थ हाच. पण चेंडू मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे आणतो तो गार्ड, बहुधा संघातला बुटका मुलगा. सेंटर कड्याकडे पाठ करून उभा राहतो, हात वर करतो आणि वाट पाहतो. चेंडू आला तर तो अजिंक्य. न आला तर तो नुसता एक उंच माणूस. त्याचे सामर्थ्य दुसऱ्याच्या हातून त्याच्यापर्यंत यावे लागते. गार्डला एकट्याने शर्यत मारता येईल. सेंटरला एकट्याने काहीच करता येत नाही. आणि आश्चर्य असे की, घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्याला नेमके उलटे सांगत असतो: तू एकटा आलास की झाले!

फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक शाळेतल्या विल्ट चेंबरलेनला हेच सांगण्यात आले होते. दोनशेहून अधिक महाविद्यालयांनी त्याला मागणी घातली होती असे सांगतात. १९५५ मध्ये त्याने कॅन्सस विद्यापीठ पत्करले. तेथे फॉग अ‍ॅलन हे ख्यातनाम प्रशिक्षक होते. त्यांनी त्याच्या आईचे मन जिंकले होते, आणि विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनीही त्याला गळ घातली होती. पण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळू देत नसत. आणि ते वर्ष संपते न संपते तोच सत्तरी गाठलेल्या अ‍ॅलन यांना नियमानुसार निवृत्त व्हावे लागले. ज्याच्या शब्दावर मुलगा इतक्या दूर आला, त्याच्या हाताखाली तो मुख्य संघातून एकही सामना खेळला नाही. माणूस पाहून जागा निवडावी असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लॉरेन्स हे गाव अ‍ॅलन यांच्या गोष्टींइतके गोड नव्हते, हेही त्याला लवकरच उमगले. कृष्णवर्णीयांना जेथे जेवायला बसू देत नसत अशा उपाहारगृहांत तो जाऊन बसू लागला, आणि हळूहळू त्याला वाढले जाऊ लागले. पण वाढणाऱ्याने माणूस ओळखला की संघाचा सेंटर ओळखला?

मग १९५७ च्या मार्चमधला तो अंतिम सामना आला. प्रतिपक्ष उत्तर कॅरोलायना. त्यांच्या प्रशिक्षकाने सुरुवातीच्या उडीसाठी चेंबरलेनसमोर आपला सर्वांत ठेंगणा खेळाडू उभा केला. ही थट्टा होती, आणि थट्टेमागे हिशेबही होता: उडी तर तू जिंकशीलच, मग आमचा उंच मुलगा आम्ही का खर्ची घालावा? पुढे सारा वेळ त्याच्याभोवती माणसांचे कुंपण होते. सामना बरोबरीत सुटला. तीन वेळा जादा वेळ द्यावा लागला. अखेर कॅन्सस एका गुणाने मागे, ५४ विरुद्ध ५३, आणि हाताशी थोडेच क्षण. चेंडू चेंबरलेनकडे द्यायचा असे ठरले. सहकाऱ्याने तो दिला. पण मध्येच प्रतिपक्षाच्या हाताने तो उडवला, आणि सामना संपला. चेंडू त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तरीही पराभव त्याच्याच नावावर मांडला गेला, आणि याहून वाईट म्हणजे त्याने स्वतःही तो आपल्याच नावावर मांडून घेतला. आणखी एक वर्ष चारी बाजूंनी कोंडलेले काढून १९५८ मध्ये तो विद्यापीठ सोडून गेला. या खेळाने माझा खेळ बिघडत आहे, अशा अर्थाचा लेख त्याने ‘लुक’ मासिकात लिहिला, आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या खेळगाड्यात सामील झाला.

आम्हांस येथे राहून राहून कर्णाची आठवण होते. रंगभूमीवर कौशल्य दाखवायला उभ्या राहिलेल्या त्या तरुणाला कुळ विचारले गेले आणि त्याची मान खाली गेली; त्याच क्षणी दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य देऊन टाकले. मोबदल्यात काय हवे, असे कर्णाने विचारले तेव्हा दुर्योधनाने फक्त सख्य मागितले. या प्रसंगात दुर्योधन खोटे बोलला असे आम्ही म्हणणार नाही. त्याचा स्नेह पुढे खराच ठरला. पण त्या दिवशी रंगभूमीवर अर्जुन नसता, तर सूतपुत्राला अंगदेश मिळाला असता काय? स्नेह खरा असूनही त्याचे मूळ धनुष्यात होते. आणि कर्णाची थोरवी अशी की, ज्याने गरजेपोटी दिले त्याचे ऋण त्याने प्रेमाचे ऋण मानून जिवानिशी फेडले. अपमानाच्या घटकेला ज्याने प्रथम हात दिला तो आपला, हे गणित आपल्या रक्तात फार खोल गेलेले आहे. ते उदात्त आहे, पण बरोबर आहेच असे नाही.

न्यूयॉर्कच्या लू अल्सिंडॉरने हे गणित मोडले. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जग त्याला ओळखू लागले. त्याच्या शाळेच्या संघाने लागोपाठ ७१ सामने जिंकले होते. त्याला घडवणारा शाळेचा प्रशिक्षकच १९६५ मध्ये एका महाविद्यालयाचा प्रशिक्षक झाला. शिष्याने गुरूमागोमाग जावे, ही अपेक्षा न बोलताही उघड होती. परंतु याच गुरूने एका सामन्याच्या मध्यंतरात, मुलाला चेव यावा म्हणून, त्याच्या वर्णावरून जो शब्द उच्चारला होता तो मुलाच्या मनातून गेला नव्हता. तो त्यांच्यामागे गेला नाही. कृतज्ञता होती, पण तिच्यापोटी चार वर्षे गहाण टाकावीत असे त्याला वाटले नाही. (पुष्कळ वर्षांनी दोघांचा समेट झाला. गेला असता तर झाला असता की नाही, कोण जाणे.) ४ मे १९६५ रोजी त्याने लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ निवडल्याचे जाहीर केले. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत फोडणारे जॅकी रॉबिन्सन आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी राल्फ बंच हे दोघेही त्याच विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. दोघांनीही त्याला पत्रे लिहिली होती. रेफर जॉन्सन हा मोठा खेळाडू याच विद्यापीठाच्या विद्यार्थिसंघाचा अध्यक्ष होता, ही ओळख दूरदर्शनवर ऐकूनही मुलाच्या मनात काही हलले होते. खेळाडूला तेथे खेळाडूपलीकडेही कोणी होता येते, एवढे त्यावरून त्याने ताडले असावे.

पुढचे यश सर्वश्रुत आहे. पहिल्याच वर्षी नवख्यांच्या संघातून खेळून त्याने विद्यापीठाच्या मुख्य संघाला, जो लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रविजेता होता त्या संघाला, ७५ विरुद्ध ६० असे हरवले. नंतरच्या तीन वर्षांत ९० पैकी ८८ सामने जिंकले, तीन अजिंक्यपदे मिळवली. चेंडू वरून कड्यात दाबण्याची त्याची रीत इतकी अनिवार ठरली की १९६७ मध्ये नियम करून ती बंद करण्यात आली. यशाचा हा पाढा आम्ही मुद्दाम लवकर आटोपतो, कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. जेथे इतके यश मिळाले तेथेही हा मुलगा एकाकी होता. एका वर्षानंतर तो आणि त्याचा सहकारी गार्ड ल्यूशियस अ‍ॅलन दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचा गंभीरपणे विचार करीत होते. प्रशिक्षक जॉन वुडन यांनी त्याला पुष्कळ शिकवले. पण आपल्या वर्णामुळे हा मुलगा रोज काय सोसतो याची पुरती जाणीव त्या सज्जन माणसाला सावकाश झाली, असे करीमनेच २०१७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात प्रेमाने नमूद केले आहे. तेव्हा बरोबर निवड केली की दुःख टळते, असे कोणी मानू नये.

उलट, ज्याला निवडच नव्हती त्याचे काय झाले तेही पाहावे. ओकलंडच्या बिल रसेलला शिष्यवृत्ती देऊ करणारे विद्यापीठ एकच होते, सॅन फ्रान्सिस्कोचे. त्याला स्वतःचे क्रीडागृहही नव्हते. रसेलने त्याला १९५५ आणि १९५६ अशी दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. ज्यांच्या दारात दोनशे जण उभे असतात त्यांनी हे वाचून थोडे हसावे, एवढेच आम्ही म्हणू.

आता ज्या निवडीजवळ आम्हांस थोडे रेंगाळायचे आहे ती पॅट्रिक यूइंगची. जमैकात जन्मलेला हा मुलगा लहानपणी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आला. अभ्यासात तो मागे होता. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाने विद्यापीठांना पत्र लिहून स्पष्ट कळवले की, या मुलाला रोजची शिकवणी आणि परीक्षेत वेळेची सवलत लागेल. पत्र प्रामाणिक होते, म्हणूनच त्याचे हसे झाले. पुढे प्रतिपक्षाचे प्रेक्षक ‘यूइंगला वाचता येत नाही’ असे फलक नाचवीत. विचार करा: त्या मुलाचे जे सर्वांत उणे ते दाखवणारा कागद सर्वांच्या हाती होता, आणि तरीही सारे त्याला बोलावीतच होते. उणे असलेले चालेल असे म्हणणारे पुष्कळ. उण्याचे काय करायचे ते सांगणारा विरळा. १९८१ मध्ये यूइंगने जॉर्जटाउन निवडले. तेथील प्रशिक्षक जॉन थॉम्पसन हे स्वतः सेंटर, तेही बॉस्टनच्या संघात बिल रसेलच्या पाठीमागे बाकावर दोन वर्षे काढलेले. आपल्याहून मोठ्या माणसाची जागा कशी असते हे ज्याने बाकावरून पाहिले आहे, त्याला उंच मुलाच्या मनातले पुष्कळ काही कळत असणार. त्यांच्या कार्यालयात एक चेंडू ठेवलेला असे, हवा गेलेला, चेपलेला. एवढ्याशा हवेवर आयुष्य टांगून ठेवू नका, हे मुलांना वेगळे सांगावे लागू नये म्हणून.

१९८२ च्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउन ६३ विरुद्ध ६२ असे हरले. चेंबरलेनप्रमाणेच एका गुणाने, आणि पुन्हा उत्तर कॅरोलायनाकडूनच. शेवटच्या क्षणी फ्रेड ब्राउन या गार्डने चेंडू चुकून प्रतिपक्षाच्या हातात दिला. सामना संपताच थॉम्पसन यांनी त्या मुलाला मिठीत घेतले. यूइंग तेव्हा पहिल्या वर्षाला होता. तो विद्यापीठात राहिला, १९८४ मध्ये अजिंक्यपद मिळाले, आणि १९८५ मध्ये त्याने पदवी घेतली. आपल्या दिवंगत आईला त्याने तसे वचन दिले होते. अजिंक्यपदाच्या सामन्यापेक्षा ती मिठी आम्हांस अधिक बोलकी वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी चेंडू चेंबरलेनपर्यंत पोचला नाही तेव्हा दोष कोणाच्या तरी माथी बसणे अटळ झाले. येथे ज्याच्या हातून चूक झाली त्याला साऱ्या देशासमोर छातीशी धरणारा कोणी होता, आणि ते संघातल्या प्रत्येक मुलाने पाहिले.

येथे व्यवहारी वाचक अधीर झाला असेल. पैशाचे काय? त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. चेंबरलेन आणि अल्सिंडॉर यांनी विद्यापीठांच्या तिजोऱ्या भरल्या आणि नियमाने त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलर घेण्याची मुभा नव्हती. या व्यवस्थेला ‘हौशी खेळ’ असे गोंडस नाव होते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट सांगून गेला. येथे साधनाला नीतीच्या नावाखाली वेतनही नाकारले जात होते. १९७४ मध्ये मोझेस मलोनने मेरिलँड विद्यापीठाला शब्द दिला होता. तो मागे घेऊन तो सरळ धंदेवाईक संघात गेला. त्या गरीब आईच्या मुलाला दोष देण्याची आमची छाती नाही. शिवाय पुढे तो तीनदा त्या क्षेत्रातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्याकडच्या सतनाम सिंगची गोष्ट मात्र वेगळी. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला हा सात फुटी मुलगा चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला. शैक्षणिक अटींमुळे विद्यापीठाचे दार त्याला उघडले नाही. २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले, आणि असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. मुख्य संघातून तो एकही सामना खेळू शकला नाही. चार वर्षे एखाद्या थॉम्पसनच्या हाताखाली मिळाली असती तर, हा विचार मनात येतोच.

आता काळ पालटला आहे. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला आपल्या नावाचे व छबीचे पैसे घेता येतात; २०२५ पासून विद्यापीठेच उत्पन्नातला वाटा त्याला देऊ शकतात, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना पूर्वीप्रमाणे वर्ष फुकट घालवावे लागत नाही. हा न्याय उशिरा झाला, पण झाला हे चांगलेच. मात्र पैसा मिळू लागला म्हणून मूळ प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पूर्वी मुलगा फसवला जाई तो ‘घर’ या शब्दाने; आता तो फसेल तर आकड्याने. आकडा खोटा नसतो, एवढाच त्यात फरक. पण आकडा चेंडू आणून देत नाही. आणि दर वसंतात जेथे पाचातले चार सोडून जाऊ शकतात, तेथे सेंटरने वाट पाहायची ती कोणाची?

टोरोंटोचा झॅक ईडी हा सात फूट चार इंचांचा मुलगा म्हणूनच आम्हांस लक्षणीय वाटतो. तो या खेळाकडे उशिरा वळला. मोठ्या नावाच्या विद्यापीठांनी त्याच्यामागे धाव घेतली नव्हती. २०२० मध्ये तो इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेला. तेथे उंच मुलांना घडवण्याची परंपरा होती. पहिली दोन वर्षे त्याने दुसऱ्या एका सेंटरबरोबर खेळाचा वेळ वाटून घेतला. २०२३ मध्ये तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच महिन्यांत त्याचा अग्रमानांकित संघ फेअरली डिकिन्सन या नगण्य मानलेल्या संघाकडून हरून जगाचे हसे झाला. विद्यार्थी-परवान्यावर आलेल्या परदेशी मुलाला सहकाऱ्यांसारखे पैसेही सहज घेता येत नव्हते. तो परत आला, त्याच गार्डांकडे. पुढच्या वर्षी ते अंतिम सामन्यापर्यंत गेले, आणि हरले. त्याच्या निवडीला चूक म्हणावे असे या पराभवात आम्हांस काही दिसत नाही.

असा मुलगा आमच्यापाशी सल्ल्याला आला (तो येणार नाही हे आम्ही जाणतो), तर आम्ही त्याला क्रीडागृह पाहू नकोस असे सांगू. प्रशिक्षक तुझ्याविषयी काय बोलतो तेही फारसे ऐकू नकोस. गेल्या वर्षीच्या त्याच्या राखीव सेंटरला शोधून काढ, जो चार वर्षांत फारसा खेळला नाही, आणि तो त्या माणसाविषयी काय बोलतो ते ऐक. संघाचे गार्ड कोण, ते राहणार की जाणार, हे विचार. जेवणाच्या टेबलावर त्यांच्याशेजारी बस. सरावात चेंडू चुकीचा गेला की कोण कोणाकडे पाहतो ते पाहा. आणि पहिल्याच भेटीत तुझे एखादे उणे तुझ्या तोंडावर सांगून, त्याचे आपण काय करू हेही ज्याने सांगितले, त्याचे पत्र वरच्या खणात ठेव. पैसा योग्य असेल तर घे; तो तुझ्या घामाचा आहे. पण ज्याने सर्वांत अधिक दिला त्याचे तू काही देणे लागतोस, असे मात्र समजू नकोस.

चेंबरलेन कॅन्ससला जवळजवळ चाळीस वर्षे फारसा फिरकला नाही. त्या एका गुणासाठी तेथल्या लोकांनी आपल्याला क्षमा केलेली नाही, अशी त्याची समजूत होती. १७ जानेवारी १९९८ रोजी त्याच्या पोशाखाचा अंक सन्मानाने राखून ठेवण्यासाठी विद्यापीठाने त्याला बोलावले. एकसष्ट वर्षांचा तो माणूस विद्यार्थिदशेतले विद्यापीठाचे जाकीट अंगावर चढवून अ‍ॅलन यांच्या नावाच्या क्रीडागृहात आला. आपण या विद्यापीठाला खाली पाहायला लावले असे आपल्याला वाटत आले, हे त्याने मोकळेपणी सांगितले. लोक उभे राहिले होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो वारला.